महापौरांची पुस्तिका आणि दिल्लीचं तिकीट

प्रति,
लोकसभेच्या इच्छुकांच्या मुलाखती घ्यायला सोलापुरात येणारे सर्व पक्षांचे निरीक्षक

सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की आपण येता. विश्रामगृहाच्या आवारात गाड्या लागतात, घोषणा होतात, हलगी वाजते. आत प्रत्येक इच्छुक आपल्यापुढं गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका ठेवतो. त्यात कुणी माजी महापौर असला तर त्याची पुस्तिका सगळ्यांत जाड. मुखपृष्ठावर भूमिपूजन, आत लोकार्पण, मागच्या पानावर वरिष्ठ नेत्यांसोबतचा फोटो. म्हणणं एकच असतं : शहर चालवून दाखवलंय, आता दिल्लीला पाठवा.

ती पुस्तिका वाचायची कशी, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे. माझी नोकरी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात, सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली. मी कुठल्या पक्षाचा नाही, कुणा इच्छुकाचा पाहुणाही लागत नाही. सोलापूरची जागा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेव्हा कोण इथून उभं राहील आणि कोण शेजारच्या खुल्या माढा मतदारसंघाकडं बघेल, तो हिशेब तुमचा तुम्ही कराल.

उदाहरण मुद्दाम लांबचं घेतो. जवळचं घेतलं की विषय बाजूला राहतो आणि लिहिणारा कुठल्या गटाचा याचीच चौकशी सुरू होते. शहर सुधारणेवर व्याख्यान असलं की आपल्याकडंही अजून एक नाव हमखास येतं, न्यूयॉर्कच्या रुडी ज्युलियानींचं. 1994 ते 2001 अशी आठ वर्षं ते तिथले महापौर होते. 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागायला ते उतरले, तेव्हा 2007 चं जवळजवळ सगळं वर्ष देशभरच्या चाचण्यांत तेच पुढं होते. त्यांचं पुढं काय झालं, वकिलीची सनद कशी गेली, ते मी इथं ओढत नाही. माणूस नंतर घसरला म्हणून आधीचं सगळं खोटं होतं, असा उलटा हिशेब मला पटत नाही. त्या वेळी मतदारापुढं जे होतं तेवढंच घेऊ.

त्यांच्या पुस्तिकेतलं पहिलं पान जबरदस्त होतं. 1990 साली न्यूयॉर्कमध्ये 2,245 खून झाले. ज्युलियानी आले त्याच्या आदल्या वर्षी, 1993 मध्ये, 1,900 च्या वर. ते गेले त्या 2001 मध्ये साडेसहाशेच्या आसपास. 11 सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्याचे बळी त्यात धरलेले नाहीत. लोक रात्री मेट्रोनं फिरायला लागले, टाइम्स स्क्वेअरचं रूप पालटलं. हे आकडे खरे आहेत आणि त्यांची थट्टा करणं लबाडीचं होईल.

पण वरचेच आकडे परत वाचा. खून सर्वांत जास्त होते 1990 मध्ये, आणि ज्युलियानींची खुर्ची सुरू होते 1994 मध्ये. उतार आधीच लागला होता. त्यांच्या आधीचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी 1991 मध्ये राज्याकडून कायदा करून घेऊन हजारो नव्या पोलिसांच्या भरतीसाठी जादा कर बसवला. त्या कराचा राग डिंकिन्सनी झेलला, आणि त्यातून भरती झालेल्या पोलिसांतले बरेचसे रस्त्यावर आले ते ज्युलियानींच्या काळात. शिवाय ती सगळी दहा वर्षं अख्ख्या अमेरिकेत गुन्हे घटत होते. सॅन दिएगोत पोलिसांनी वेगळी वाट धरली, धरपकडीपेक्षा वस्तीतल्या लोकांना हाताशी धरण्यावर भर दिला, तरी तिथंही मोठी घट झाली.

आपल्याला हे समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. पाऊस पडतो पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर, वरची धरणं भरून पाणी सुटतं, भीमेतून उजनीत येतं, आणि जलपूजनाचे फलक लागतात सोलापुरात. फलकावर हात जोडलेला माणूस ढगांचा कुणी नसतो.

मग ज्युलियानींचं स्वतःचं असं काहीच नव्हतं का? होतं. त्यांनी विल्यम ब्रॅटन यांना पोलीस आयुक्त नेमलं आणि सुरुवातीला त्यांना मोकळा हात दिला. ब्रॅटन यांच्या काळात 'कॉम्पस्टॅट' ही पद्धत आली. कागदावर ती साधी वाटते. ठरलेल्या दिवशी मुख्यालयात बैठक, पडद्यावर नकाशा, नकाशावर गुन्ह्यांचे ठिपके, आणि पुढं त्या हद्दीचा ठाणेप्रमुख उभा. या कोपऱ्यावर महिन्यात इतक्या घरफोड्या झाल्या, तुम्ही काय केलंत? मागच्या बैठकीत सांगितलेलं झालं का? उत्तर नसेल तर सगळ्यांसमोर पंचाईत. ज्यांनी आपल्याकडच्या आढावा बैठका पाहिल्यात त्यांना यातलं वेगळेपण लगेच कळेल. आपल्याकडं मागच्या बैठकीचा कागद पुढच्या बैठकीत सहसा कुणी काढत नाही.

1996 च्या जानेवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आला तो ब्रॅटन यांचा. काही महिन्यांत ब्रॅटन बाहेर. श्रेयावरून दोघांचं बिनसलंय, हे तेव्हा न्यूयॉर्कात उघड बोललं जात होतं. तुम्ही निरीक्षक आहात, तुम्हाला ही ओळ खुनांच्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगाची आहे. दिल्लीत जाणाऱ्याला आपल्यापेक्षा हुशार माणसांकडून काम करून घ्यावं लागतं आणि टाळ्या त्यांना पडल्या तरी झोप लागावी लागते.

आता जे पुस्तिकेत नसतं ते. 1999 च्या फेब्रुवारीत अमादू डियालो हा गिनीहून आलेला 23 वर्षांचा नि:शस्त्र तरुण स्वतःच्या घराच्या दारात उभा होता. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी त्याच्यावर 41 गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात पाकीट होतं. गोळ्या महापौरांनी झाडल्या नव्हत्या, आणि नंतर कोर्टानंही त्या पोलिसांना सोडलं. तेव्हा हे सगळं महापौरांच्या माथी मारणं बरोबर नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन. पुढच्या वर्षीचं मात्र ऐकून घेणार नाही. मार्च 2000 मध्ये पॅट्रिक डोरिसमंड नावाचा सुरक्षारक्षक रस्त्यात उभा असताना वेश बदललेल्या पोलिसानं त्याच्याकडं गांजा मागितला. तो चिडला, झटापट झाली, त्यात तो गोळी लागून मेला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतं, गांजाही नव्हता. त्यानंतर ज्युलियानींनी काय केलं, तर त्या मेलेल्या मुलाच्या बालवयातल्या अटकेची नोंद, जी कायद्यानं मोहोरबंद होती, ती बाहेर काढायला लावली आणि तो काही फार सज्जन नव्हता असं सांगितलं. हा मुलगा पुढं महापौरांच्याच शाळेत शिकलेला निघाला.

खुनांचा आकडा घटण्यात शंभर हात होते. हा निर्णय मात्र एकाच माणसाचा होता. वेळ होता, सल्लागार होते, गप्प बसायची मुभा होती. उमेदवाराची पारख करायची तर असे प्रसंग हुडकून काढावे लागतात, कारण तिथं श्रेय वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं.

11 सप्टेंबर 2001 बद्दलही तेच. त्या दिवशी धुळीनं माखलेल्या रस्त्यावर महापौर दिसले, बोलले, शहराला धीर आला. ते खरं होतं आणि मोठं होतं. त्याच दिवशी शहराचं आपत्ती नियंत्रण केंद्र वापरता आलं नाही, कारण ते जागतिक व्यापार केंद्राच्याच आवारातल्या सात नंबरच्या इमारतीत, 23 व्या मजल्यावर होतं. त्या आवारात 1993 मध्ये बॉम्ब फुटून गेला होता. तरी 1999 मध्ये ते केंद्र तिथं उघडलं, ज्युलियानींच्या कारभारात. ती इमारत त्याच संध्याकाळी पडली. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 जवान गेले. दलाचे वायरलेस संच नीट चालत नाहीत ही तक्रारही 1993 च्या स्फोटापासूनची होती. 2007 मध्ये अग्निशमन जवानांच्या देशव्यापी संघटनेनं ज्युलियानींना उघड विरोध केला, यात नवल काही नाही. भाषणात मात्र तो दिवस इतक्या वेळा यायचा की जो बायडेन यांनी एका वादसभेत त्यावरून सगळ्यांना हसवलं.

माणसं निवडण्याचं प्रकरण थोडक्यात उरकतो. ज्युलियानींनी बर्नार्ड केरिक यांना पोलीस आयुक्त केलं, पुढं 2004 मध्ये देशाच्या अंतर्गत सुरक्षेच्या मंत्रिपदासाठी त्यांच्या नावाला जोर लावला. ते नाव आठवडाभरात मागं घ्यावं लागलं, आणि 2007 च्या नोव्हेंबरात, ऐन प्रचारात, केरिक यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. पुढं त्यांनी गुन्हा कबूल केला आणि तुरुंगवास भोगला. नेमणुकीचा अधिकार वापरताना माणूस निष्ठा बघतो की लायकी, हे असल्या फायलीतून दिसतं.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला एकेका राज्यात मतदान होत जातं. ज्युलियानींनी सुरुवातीच्या राज्यांवर जोर न देता फ्लोरिडावर सगळी मदार ठेवली होती. 29 जानेवारी 2008 ला तिथं ते तिसरे आले, दुसऱ्या दिवशी माघार घेऊन जॉन मॅकेन यांना पाठिंबा दिला. हे डावपेचांमुळं झालं की कामगिरीमुळं, यावर तिथले जाणकार अजून भांडतात. मला त्यात एक वेगळीच गोष्ट खटकते. महापौर असताना ज्युलियानींनी कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना शहराच्या सेवा बिनधास्त घेता याव्यात म्हणून केंद्राशी कोर्टात भांडण केलं होतं, बंदूक कंपन्यांवर दावा लावला होता. शहराच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं होतं. देशभरच्या पक्ष मतदारापुढं गेल्यावर मात्र तीच कामं अडचणीची झाली आणि भाषा बदलली. स्वतःच्या चांगल्या कामाची लाज वाटू लागलेला उमेदवार मला नुसत्या नालायक उमेदवारापेक्षा धोक्याचा वाटतो.

त्यांच्या मागून आलेले मायकेल ब्लूमबर्ग तर बारा वर्षं महापौर होते. लोकांनी सार्वमतानं दोनदा शिक्कामोर्तब केलेली दोन मुदतींची मर्यादा 2008 मध्ये नगर परिषदेकडून तीनपर्यंत वाढवून घेऊन ते तिसऱ्यांदा उभे राहिले. कारभार मात्र नेटका. सगळ्या तक्रारींसाठी 311 हा एकच नंबर, हॉटेलांत आणि बारमध्ये धूम्रपानबंदी, लाखो झाडं. दुसऱ्या बाजूला पोलिसांनी लोकांना रस्त्यात थांबवून झडती घ्यायची मोहीम. 2011 या एका वर्षात 6,85,724 वेळा लोकांना थांबवलं गेलं, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, आणि दहातले जवळपास नऊ निर्दोष. 2013 मध्ये न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. ब्लूमबर्ग यांचं उत्तर ठरलेलं होतं : झडत्या थांबल्या तर खून वाढतील.

झडत्या थांबल्या. 2017 मध्ये त्या बारा हजारांच्या आत आल्या. खून 2011 मध्ये पाचशेच्या वर होते, 2017 मध्ये तीनशेच्या खाली गेले. म्हणजे सात लाखांच्या घरातले ते अपमान कशासाठी होते, याचं उत्तर महापौर खुर्चीवरून उतरल्यानंतर मिळालं. कामाचं मोजमाप करताना मुदत संपल्यानंतरची चार-पाच वर्षंही बघावीत, असं मी म्हणतो ते यासाठी. रस्ता चांगला झाला होता का, हे पुढच्या महापौराच्या काळातल्या पावसाळ्यात कळतं.

2019 च्या नोव्हेंबरात ब्लूमबर्ग यांनी ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये या झडत्यांबद्दल माफी मागितली आणि आठवडाभरात अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. माफी खरी असेलही. तारीख मात्र वाईट होती. स्वतःच्या खिशातले सुमारे 100 कोटी डॉलर ओतून पहिल्या मोठ्या मतदानात त्यांच्या वाट्याला आलं ते एकटं अमेरिकन समोआ, पॅसिफिक महासागरातलं एक छोटं बेट-क्षेत्र.

आता इंद्रभुवनात, म्हणजे आपल्या सोलापूर महापालिकेच्या इमारतीत येऊ.

न्यूयॉर्कचा महापौर पोलीस आयुक्त नेमतो, अंदाजपत्रक मांडतो, खाती चालवतो. आपल्या महापौराला यातलं काहीही करता येत नाही. 1949 च्या महापालिका कायद्यानं अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडं, पैशाच्या नाड्या सोळा जणांच्या स्थायी समितीकडं. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, तोही आरक्षणाची सोडत निघेल त्याप्रमाणं, अडीच वर्षांसाठी. त्यामुळं "मी इतक्या कोटींची कामं केली" हे वाक्य आपल्याकडच्या माजी महापौरानं म्हटलं की माझा हात आपोआप पेनकडं जातो. कुठल्या अधिकारात केलीत? स्मार्ट सिटीचंच घ्या. जानेवारी 2016 च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववं आलं, अभिमान वाटला. पण ती कामं त्यासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीनं केली, पैसा बराचसा केंद्र-राज्याचा. मार्च 2022 नंतर तर काही वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. त्या काळातलं काम कुणा लोकप्रतिनिधीच्या पुस्तिकेत दिसलं तर ते पान फाडून परत द्या.

उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीचं तर विचारूच नका. शंभराहून जास्त किलोमीटर लांबून येणाऱ्या त्या पाण्याचं श्रेय घ्यायला जितके पुढारी पुढं आले, तितके दिवस नळ कोरडा का राहिला हे सांगायला कुणी आलं नाही.

याचा अर्थ महापौरपद बिनकामाचं, असं मला म्हणायचं नाही. सरदार पटेल 1924 ते 1928 अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. मुंबईचे महापौर मनोहर जोशी पुढं मुख्यमंत्री आणि लोकसभेचे अध्यक्ष झाले, नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले, पुण्याचे मुरलीधर मोहोळ 2024 मध्ये खासदार होऊन केंद्रात राज्यमंत्री झाले. पदातून माणूस शिकतो. काय शिकला, ते शोधायची जागा चुकतेय.

ती जागा म्हणजे इतिवृत्त. महापौराच्या हातात खरोखर असते ती एकच गोष्ट, सभा. कुणाला बोलू द्यायचं, कुठला विषय आधी घ्यायचा, कुठला तहकूब ठेवायचा. वीस वर्षांपूर्वीचा महापौरही तुम्हाला त्या पानांवर जिवंत भेटतो. विरोधी नगरसेवक झोपडपट्टीच्या पाण्यावर बोलायला उठला तेव्हा वेळ दिला की माईक बंद केला? आयुक्तांचा करवाढीचा प्रस्ताव आला तेव्हा वाईटपणा घेऊन निर्णय केला, की तीन सभा तहकूब करून शेवटी दप्तरी दाखल केला? 'एकमताने मंजूर' या शब्दांखाली किती जणांची नावं आहेत? आणि उपसूचना बघा. काही महापालिकांत ठराव एक होतो आणि सभा संपल्यावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी त्याला टाचली जाते, तिच्यात भूखंडाचा नंबर असतो. टाचणीची भोकं मोजायची सवय असलेल्या माणसाला त्यावरून बरंच कळतं.

एक प्रकार तर सर्रास चालतो. सभागृहात गोंधळ माजतो, महापौर एका दमात पंधरा-वीस विषय मंजूर म्हणून जाहीर करतात आणि राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे उभे राहतात, विरोधकांनाही उभं राहावंच लागतं, आणि सभा संपते. ज्यानं ही युक्ती मुदतभर वापरली त्याला तुम्ही लोकसभेत पाठवलंत, तर तो तिथं चर्चा मागणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहील अशी आशा मला तरी नाही.

तेव्हा विनंती एवढीच. इच्छुकांकडून अर्जासोबत पक्षनिधी घेता, जातीचं गणित घेता, बूथची यादी घेता. माजी महापौर असेल तर त्याच्या मुदतीतल्या सगळ्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तंही मागवा. तो देणार नाही, तुम्हीच काढा. माहिती अधिकारात पानाला दोन रुपये पडतात, एका मिरवणुकीच्या फटाक्यांच्या खर्चात दोन-तीन महापौर सहज वाचून होतील. आणि पानांचा ढीग बघून तुमच्या कार्यकर्त्यांना घाम फुटला तर कळवा. मी चष्मा बदलून घेतलाय आणि दुपारी मोकळाच असतो.

आपला,
एक निवृत्त महापालिका कर्मचारी
सोलापूर